पेटीला इंजिन लावावे का?

बांधावरची शाळा



या सदराकडे येणाऱ्या टपालात मावा, तुडतुडे, करपा आणि मोटार जळाल्याच्या तक्रारी ठरलेल्याच. या वेळी मात्र एक निराळे पत्र आले आहे. लिहिणाऱ्या ताईंचे सासरे तीस-पस्तीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवीत होते. सारा गाव त्यांना पेटीमास्तर म्हणतो. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उपचाराने जीव वाचला, वाचा परत आली, उजवा हातही पहिल्यासारखा चालतो. पण डावा हात उचलत नाही, आणि पेटीचा भाता तर डाव्या हाताने मारायचा! पेटी कोनाड्याजवळ झाकून ठेवली आहे आणि मास्तर गुरुवारच्या भजनाला जायचे बंद झाले आहेत.

ताईंचा मुलगा नववीत शिकतो. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने वाफेवर चालणारे लहानसे नमुना-इंजिन तयार केले. चाक गरगर फिरताना पाहून त्याच्या मनात आले, हेच इंजिन आजोबांच्या भात्याला जोडले तर? आजी म्हणते, "देवळात जाळ नको." आजोबा म्हणतात, "इंजिनाच्या हातचं भजन मला नको." ताई विचारतात, "साहेब, कार्तिकात सप्ताह आहे. मामंजी त्यात बसावेत असे आम्हा सगळ्यांना वाटते. मुलाचे म्हणणे खरे की खुळे?"

ताई, मुलाचे म्हणणे खुळे मुळीच नाही. आजीचे म्हणणेही खरे, आणि मास्तरांच्या बोलण्यात तर सगळ्यात मोठी गोम आहे. संगीत हा माझा विषय नव्हे. परंतु भाता, दाब, झडप, मोटार आणि बॅटरी हे आपल्या शेतकऱ्यांचे रोजचे विषय आहेत. त्या वाटेने आपण या प्रश्नाकडे जाऊ.

हे आधी कोणी केले आहे का?

केले आहे, आणि फार पूर्वीपासून. हवेच्या दाबावर वाजणारे वाद्य मनुष्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच बनवले होते. अलेक्झांड्रिया शहरातील टेसिबियस नावाच्या कारागिराने पाण्याच्या वजनाने हवेचा दाब सारखा राखणारा ऑर्गन तयार केला. पुढे युरोपातल्या चर्चमधून मोठमोठे ऑर्गन आले. वाजवणारा पुढे बसे आणि मागे भाता मारायला वेगळी माणसे लागत. खेड्यातल्या चर्चमध्ये हे काम बहुधा एखाद्या पोराकडे असे. एकोणिसाव्या शतकात काही ठिकाणी पाण्याच्या दाबावर चालणारी छोटी इंजिने त्या भात्यांना जोडली गेली, आणि नंतर विजेचे पंखे आले.

इंग्लंडातल्या जत्रांची गोष्ट तर आपल्या चिरंजीवाने जरूर ऐकावी. तेथे लाकडी घोड्यांचे मोठे चक्री पाळणे वाफेच्या इंजिनावर फिरत. किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेज यांच्या कारखान्यात असे पाळणे बनत. पाळण्याच्या मध्यभागी मोठे इंजिन असे आणि जत्रेचा ऑर्गन वाजवण्यासाठी दुसरे छोटे इंजिन निराळे असे. मोठ्या इंजिनाचा वेग पाळणा सुरू होताना आणि थांबताना बदलतो, आणि गाण्याची लय तशी बदलून चालत नाही, म्हणून ही सोय. 1892 साली पॅरिसच्या गॅविओली घराण्याने छिद्रे पाडलेल्या जाड कागदाच्या घडीवरून आपोआप वाजणाऱ्या ऑर्गनचे पेटंट घेतले. त्यात वाजवणाऱ्या माणसाचीही गरज उरली नाही. आजही तिकडे हौशी लोक जुनी इंजिने आणि ऑर्गन जपून ठेवतात, त्यांच्या लहान प्रतिकृती करतात आणि मेळाव्यांत चालवून दाखवतात.

आपली पेटीही मूळची तिकडचीच. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये देबेन या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याचा भाता पायाने मारायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी, हाताने भाता मारायची पेटी प्रचारात आणली, आणि ती घरोघरच्या भजनात शिरली. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हिला दाराबाहेर ठेवले होते, पण खेड्यातल्या भजनी मंडळाने तिला कधी बाहेर काढले नाही.

पेटीला किती ताकद लागते?

कोणतेही इंजिन घेण्यापूर्वी आपण काय विचारतो? विहीर किती खोल, पाणी किती हवे! येथेही तोच हिशेब करू.

समजा, पेटीतल्या हवेचा दाब 3 इंच पाण्याएवढा आहे, आणि वाजवताना दर सेकंदाला 1 लिटर हवा लागते. मग भात्याचे काम किती? दर सेकंदाला 1 लिटर पाणी 3 इंच उचलण्याइतके. म्हणजे पाऊण वॅटपेक्षाही किंचित कमी. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. तेव्हा पेटीला लागणारी ताकद अश्वशक्तीचा सुमारे हजारावा भाग! भात्याच्या फटी, बिजागरीचे घर्षण, दोरीचा ओढा हे सारे धरून दसपट ताकद लागली, तरी ती 7 ते 8 वॅट होते.

म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. छोटे इंजिन पुरते. अडचणी आहेत त्या दुसऱ्याच, आणि त्या तीन आहेत.

पहिली अडचण वेगाची. लहान इंजिने फार वेगाने फिरतात. भात्याला मिनिटाला वीस-तीस हेलकावे पुरे होतात. तेव्हा वेग पुष्कळ उतरवला पाहिजे.

दुसरी अडचण थांबण्याची. ही नीट समजून घ्या. पेटीत दोन भाते असतात. बाहेरचा आपण हाताने मारतो, आणि आतला स्प्रिंगच्या जोरावर हवा साठवून स्वरांना सारखी पुरवतो. गावच्या पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. पंप थांबून-थांबून चालला तरी नळाला धार सारखी येते. पण टाकी भरली की पंप बंद करावा लागतो. मास्तरांनी पट्टीवरून बोट उचलले की त्यांच्या डाव्या हाताला आपोआप कळे, आता जोर नको. इंजिनाला हे कळत नाही! कोणतीही पट्टी दाबलेली नसताना ते हवा रेटीत राहिले, तर भात्याचे कापड आणि सांधे उकलणार.

तिसरी अडचण मास्तरांनी एका वाक्यात सांगून टाकली आहे. भाता हा पेटीचा श्वास. अभंगाच्या शेवटी गजर चढला की डावा हात जोर करतो, आणि ध्यानाच्या ओळीला हलका होतो. इंजिन एकाच जोराने वारा घालते. सूर लागतात, पण गाणे सपाट होते. हे दुखणे खरे आहे. त्यावर उपाय शोधल्याशिवाय पेटी पुढे ढकलून "आता वाजवा" असे म्हणू नये.

कोणते इंजिन चालेल, कोणते नको

वाफेचे इंजिन: चिरंजीवाचे कौतुक आहे, पण हे देवळात नको. पाण्याची वाफ झाली की उघड्या हवेत ती सुमारे 1600 पट जागा मागते. बंद बाटलीत तिला जागा मिळाली नाही तर काय होते, हे कुकरची शिटी अडकलेल्या घरातील बायांना विचारावे. पत्र्याच्या घरगुती बॉयलरभोवती माणसे दाटीने बसवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. हे इंजिन शाळेत, गुरुजींच्या देखरेखीखाली, उघड्या जागीच चालवावे.

गरम हवेचे इंजिन: स्कॉटलंडातील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 साली याचे पेटंट घेतले. यात वाफ नाही, बॉयलर नाही. आवाजही अगदी थोडा. वीज येण्यापूर्वी रॉकेलच्या दिव्यावर चालणारे असे पंखे आपल्या देशातही वापरात होते. पण बाजारात मिळणारे टेबलावरचे नमुने स्वतःचे चाक फिरवण्यातच दमतात. भात्याला त्यांचा जोर पुरत नाही.

पेट्रोलचे नमुना-इंजिन: ताकद भरपूर, पण कर्कश आवाज आणि विषारी धूर. बंद सभामंडपात याचे नाव काढू नये.

विजेची लहान मोटार: आपल्या कामाला हीच योग्य. परंतु 230 व्होल्टची नको. भारनियमनात ती बंद पडेल, आणि ओल्या फरशीवर बसलेल्या माणसांच्या मांडीजवळ ती वायर असणे बरे नाही. 12 व्होल्टची मोटार घ्यावी.

आधी पायाने पाहा

मोटारीकडे जाण्यापूर्वी एक साधा उपाय करून पाहा. मास्तरांचा उजवा हात चांगला आहे, तसा उजवा पायही चांगला असावा. आपल्या संगीत नाटकांतून पायाने भाता मारायचा ऑर्गन कित्येक वर्षे वाजला आहे. तेव्हा पायाने वाजवणे यात कमीपणा काही नाही.

मास्तरांना पाठ आणि हात असलेल्या भक्कम खुर्चीवर बसवावे. पेटी समोरच्या टेबलावर ठेवावी. सायकलच्या ब्रेकची तार तिच्या नळीसकट घ्यावी. नळीचे टोक पेटीच्या अंगाला लहान शिकंज्याने पक्के करावे. पेटीला भोक पाडू नये. आतल्या तारेचे टोक भात्याच्या पाकळीला वरच्या बाजूस अडकवावे. दुसरे टोक पायाखालच्या बिजागरीच्या फळीला जोडावे. फळी दाबली की तार ओढली जाऊन भाता मिटतो, आणि पाय उचलला की भाता आपल्या स्प्रिंगने उघडतो. स्प्रिंग नरम असेल तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून नवी बसवून घ्यावी.

या उपायात भजनाचा श्वास मास्तरांच्याच अंगात राहतो. गजराला पाय जोर करील, ध्यानाला हलका होईल. पंधरा दिवस रोज दहा-दहा मिनिटे सवय करावी. मात्र पाय भरून येत असेल किंवा बसताना तोल जात असेल, तर आग्रह धरू नये. मग मोटार आहेच.

मोटारीची जुळणी

मोटारगाडीच्या काचेवरील पाणी पुसणारा जो वायपर असतो, त्याची 12 व्होल्टची जुनी मोटार सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तिच्या पोटातच दाते असल्यामुळे तिचा दांडा सावकाश पण जोराने फिरतो, म्हणजे वेग उतरवण्याचे आपले निम्मे काम झालेले असते. उरलेला वेग लहान रेग्युलेटरने कमी करता येतो.

मोटारीच्या दांड्यावर लोखंडी पट्टीचा हात बसवावा. त्याला मध्यापासून 1 इंच, सव्वा इंच आणि दीड इंचावर तीन भोके पाडावीत. भाता हाताच्या लांबीच्या दुप्पट हलतो, म्हणजे 1 इंचाच्या भोकात तार अडकवली तर 2 इंच. सुरुवात सर्वांत लहान भोकापासून करावी. फिरता हात झाकून टाकावा. उपरणे, पदर किंवा लहान मुलाचे बोट त्यात जाता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मोटारीचा हात आणि तार यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी घालावी. आतला भाता भरला असेल आणि मास्तरांची बोटे थांबली असतील, तर बाहेरचा भाता हलायला तयार होणार नाही. अशा वेळी मोटार फिरत राहील, रबर ताणले जाईल आणि सैल होईल, पण भात्यावर जादा जोर पडणार नाही. ही पट्टी म्हणजे कुकरची शिटीच समजा. तिची जाडी ठरवण्यासाठी स्प्रिंगकाटा भात्याला अडकवून ओढावा आणि किती वजनाला पेटी नीट बोलते ते पाहावे. पट्टी त्याहून थोड्याच जास्त ओढीला ताणली गेली पाहिजे. एक पट्टी कमी पडली तर दोन घ्याव्यात. रबराऐवजी दोरी किंवा तार बांधण्याचा मोह धरू नये.

आवाजाचे काय? ब्रेकच्या तारेचा येथे आणखी एक फायदा होतो. दुचाकीची लांब तार घेतली तर मोटार चार-पाच फूट दूर, खांबाआड ठेवता येते. मोटारीखाली जाड रबर घालावे. तिच्यावर गोधडी गुंडाळू नये, कारण मोटारीला वारा लागतो. तारेला तीव्र वळण देऊ नये आणि नळीत थोडे तेल सोडावे.

मास्तरांच्या आक्षेपाचा उपायही येथेच आहे. रेग्युलेटरची मूठ मुलाच्या हातात देऊ नका. ती मास्तरांच्या उजव्या पायाखाली आणा. शिलाई यंत्राच्या पावट्यासारखी फळी करून ती दाबली की मोटारीचा वेग वाढेल आणि सोडली की कमी होईल, अशी जुळणी रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर सहज करून देईल. पाय पूर्ण उचलला की मोटार थांबली पाहिजे. डाव्या हाताइतकी नजाकत यात येणार नाही, पण सपाटपणा पुष्कळ कमी होईल. येथे पायाला जोर लावायचा नसल्याने तो दमतही नाही.

बॅटरी आणि फवारणी पंप

बॅटरी आता पुष्कळांच्या घरी आहेच. पाठीवरच्या फवारणी पंपात बहुधा 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासाची बॅटरी असते. मोटार साधारण 2 अँपिअर घेते असे धरले, तर 8 भागिले 2 म्हणजे 4 तास. जुन्या बॅटरीचे 3 तासच धरावेत. भजनाला तेवढे पुष्कळ होतात. बॅटरीजवळ 5 अँपिअरचा फ्यूज अवश्य बसवावा.

येथे कृषी खात्याचा माणूस म्हणून मला बजावून सांगितले पाहिजे. फवारणी पंप जसाच्या तसा देवळात किंवा घरात आणू नका. पंपाच्या पोटात, पट्ट्यावर आणि बॅटरीच्या खोक्यावरही औषधाचा अंश राहतो. मोठ्या माणसाने हातमोजे घालून बॅटरी बाहेर काढावी, तारा सोडवून ती ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसावी, फडके परत वापरू नये, आणि साबणाने हात धुवावेत. हे काम मुलाला सांगू नये. शक्य असेल तर पेटीसाठी वेगळीच बॅटरी घ्यावी. फवारणीच्या दिवसांत एकाच बॅटरीवरून शेत आणि देऊळ यांचे भांडण व्हायला नको!

चाचणी कशी घ्यावी

पहिली चाचणी घरी घ्यावी, चार माणसांसमोर नको. प्रथम एक पट्टी दाबून मोटार सर्वांत कमी वेगाने सुरू करावी. सूर थरथरला तर वेग थोडा वाढवावा. मग दोन-तीन पट्ट्या एकदम दाबून हवा पुरते का पाहावे. शेवटी सर्व बोटे उचलावीत आणि रबर ताणले जाऊन भाता शांत राहतो ना, याची खात्री करावी. या तिसऱ्या कसोटीला जुळणी उतरत नसेल तर पुढे जाऊ नये. पेटी जुनी असेल तर आधी भात्याच्या फटी बुजवून घ्याव्यात. गळक्या पाइपावर मोठा पंप बसवून पाणी वाढत नसते.

आणखी एक. मोटार बसली म्हणून डावा हात विसरून जाऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चालूच ठेवावा. डॉक्टरांची परवानगी असेल तर रोज थोडा वेळ डावा हात भात्यावर नुसता ठेवावा. भात्याची ओढ त्याच्या ओळखीची आहे.

यंत्र कुठे असावे, कुठे नसावे

आता सगळ्याच वाचकांसाठी दोन शब्द. अनेक देवळांतून विजेवर चालणारी नगारा-घंटा यंत्रे आली आहेत. एक मोटार, एक पट्टा, फिरत्या दांड्यावरचे खिळे आणि त्यांनी उचलून सोडलेल्या टिपऱ्या. कळ दाबली की नगारा, झांज आणि घंटा सारे एकदम वाजते. जेथे माणूसच उरलेला नाही तेथे या यंत्राने आरतीची वेळ सांभाळली, हे मान्य. पण जेथे चार पोरे नगारा वाजवायला टपून बसलेली असतात, तेथेही कळ दाबली जाते आणि पोरे अंगणातून परत जातात. नगाऱ्याचा ठेका अशा रीतीने एका पिढीत विसरला जातो.

शेतीत आपण हाच विवेक करतो. मोट गेली आणि पंप आला, तेव्हा बैलांचा आणि माणसाचा जीव सुटला. ते यंत्र योग्यच होते. पण पीक डोळ्यांनी पाहणे, मातीला हात लावून ओल ओळखणे, हे काम आपण यंत्राच्या हवाली करून मोकळे होत नाही. गेलेला हात परत देणारे यंत्र घरात जरूर आणावे. चालत्या हाताला बसवून ठेवणारे यंत्र आणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

म्हणून भजनी मंडळांना एक सूचना करतो. पेटी वाजवणारा एकच आणि भाता मारणाराही तोच, असे ठेवू नका. वयस्कर वादकाशेजारी एक मुलगा किंवा मुलगी बसवा. आज ते भाता मारतील, उद्या स्वर ओळखतील आणि परवा पेटी पुढे ओढतील. मोटारीचा रबरी पट्टा ऐन सप्ताहात तुटू शकतो. शेजारी बसलेले पोर तेव्हाही उपयोगी पडते.

पुढील अंकात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी लिहीन. घरचे बियाणे ठेवलेल्यांनी तोवर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासून ठेवावी.